जॅक कुठला घ्यायचा: टनापेक्षा आधी जमीन बघा, किती वेळ धरायचंय ते बघा

प्रश्न असा आलाय. देवगडकडच्या एका भावाकडे पिकअप आहे, सीझनला आंब्याच्या पेट्या घेऊन वाशीपर्यंत जातात, बाकी वर्षभर मासळी आणि किरकोळ भाडी, शिवाय घरची एक फायबरची होडी. गाडीबरोबर आलेला जॅक माल भरलेल्या गाडीला पुरत नाही, नंतर घेतलेला बॉटल जॅक (बाटलीसारखा उभा, तेलावर चालणारा) दोन पावसाळ्यांतच वजनाखाली आपोआप खाली बसायला लागला. आता दुकानदार म्हणतो दहा टनी घ्या, मित्र म्हणतो ट्रॉली जॅक (चाकांवर सरकणारा) घे. तर मेकॅनिकल चांगला की हायड्रॉलिक, आणि किती टनी?

सरळ उत्तर आधी देतो. गाडीसाठी पाच टनी बॉटल जॅक, होडीसाठी स्क्रू जॅकची जोडी, आणि दोन्हीसाठी जाड लाकडाच्या फळ्या आणि गुटके. दहा टनी नको, ट्रॉली जॅक तर तुमच्या कामाला अजिबात नको. का ते आता नीट सांगतो, कारण कारण कळलं की पुढच्या वेळी दुकानात कोणाला विचारायला लागणार नाही.

मेकॅनिकल जॅक म्हणजे स्क्रू किंवा दात्यांवर चालणारा. स्क्रू जॅकमधे आट्यांचा चढ इतका कमी ठेवलेला असतो की वजन कितीही दाबलं तरी स्क्रू आपणहून उलटा फिरत नाही, घर्षणच त्याला धरून ठेवतं. हात काढला की माल जिथल्या तिथे. याची किंमत म्हणजे तुमची अर्ध्याहून जास्त मेहनत त्या घर्षणातच जाते, म्हणून स्क्रू जॅक फिरवताना घाम निघतो. पण तो धरून ठेवतो, आज लावला तर महिन्याने जाऊन बघा, तेवढाच असेल (खालची जमीन खचली नाही तर, त्यावर पुढे बोलतो).

हायड्रॉलिकमधे तेल आहे. लहान प्लंजरने (दट्ट्याने) तेल दाबायचं, तोच दाब मोठ्या रॅमच्या (वजन घेऊन वर सरकणार्‍या मोठ्या दट्ट्याच्या) खाली जातो, क्षेत्रफळ जितकं मोठं तितका जोर जास्त. हे तत्त्व सतराव्या शतकातल्या पास्कलचं, ब्रामाने 1795 मधे त्यावर प्रेसचं पेटंट घेतलं आणि आज तुमच्या सीटखालचा बॉटल जॅक त्याच हिशोबावर चालतो. हिशोब करून बघा, प्लंजर 10 मिमीचा आणि रॅम 30 मिमीचा असेल तर क्षेत्रफळ नऊ पट, दांड्याचा फायदा वीस पट धरला तर एकूण 180 पट, म्हणजे दांड्यावर 20 किलो जोर दिला की वर 3600 किलो. पण फुकट काही नाही, प्लंजर 20 मिमी खाली गेला तर रॅम सव्वादोन मिमीच वर येतो, म्हणून एवढे पंप मारायला लागतात. आणि हे सगळं वजन शेवटी व्हॉल्व्हमधल्या एका छोट्या छर्‍यावर आणि एका रबरी सीलवर टेकलेलं असतं. छर्‍याखाली कचर्‍याचा एक कण आला की जॅक हळूहळू बसतो. म्हणून आमच्या धंद्यात पहिला नियम, हायड्रॉलिक जॅक उचलायला, धरायला नाही. उचला, खाली घोडी (लोखंडी स्टँड) किंवा गुटके सारा, वजन त्यावर सोडा, मग हात घाला. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कोणीही जायचं नाही, पाच मिनिटांचं काम असलं तरी नाही, आपल्या पोराला तर पाना द्यायलाही त्या बाजूला पाठवू नका.

आता गाडीबरोबर येतो तो सिझर जॅक, काहीजण कैची जॅक म्हणतात. तो वाईट नाही, पण त्याची एक खोड माहीत पाहिजे. तो बसका असताना सगळ्यात जड जातो. हात 15 अंशावर असतील तर स्क्रूवर वजनाच्या जवळजवळ पावणेचार पट ताण येतो, तेच हात 45 अंशापर्यंत उघडले की ताण वजनाइतकाच राहतो. म्हणजे जॅक जितका उघडल्यावर गाडीला टेकेल तितकं पुढचं काम हलकं. म्हणून सिझर जॅकखाली गरज नसताना जाड ठोकळा घालू नका, लोक घालतात आणि मग जॅक फिरत नाही म्हणून पान्याला पाइप लावतात आणि आटे जातात. खाली भुसभुशीत असेल तर फळी घालायचीच, पण जरुरीपुरती. रिकामी कार, रिकामी पिकअप इथपर्यंत हा जॅक ठीक, पेट्या भरलेल्या गाडीला नाही.

दहा टनी का नको म्हणतो, तर तुमची पिकअप मालासकट तीन टनांच्या आसपास जाते. आपण अख्खी गाडी उचलतच नाही, मागचं एक चाक उचलतो, त्यावर टनभर किंवा थोडं जास्त येतं. पाच टनीला हे सहज झेपतं, चढ-उतार आणि सीलचं वय धरूनसुद्धा. दहा टनीचा रॅम जाड, म्हणजे दर पंपाला तो कमी चढणार, जॅक वजनाला जड आणि बंद स्थितीत सहसा उंच. आणि खरी गोची तिथेच आहे. टायर फुल असताना एक्सलखाली जॅक जातो, पण जॅक लागतो कधी, टायर बसल्यावर. म्हणून विकत घेण्याआधी घरी एक काम करा, माल भरलेला असताना मागच्या एका टायरची हवा काढा आणि एक्सलपासून जमिनीपर्यंत टेपने माप घ्या. त्या मापातून फळीची जाडी वजा करा. राहील त्यापेक्षा जॅकची बंद उंची कमी पाहिजे. हे माप चिठ्ठीवर लिहून दुकानात न्या, टनाचं नंतर बोला. बॉटल जॅकच्या डोक्यात फिरवून वर काढायचा स्क्रू असतो, तो आधी एक्सलला टेकेपर्यंत काढायचा आणि मग पंप मारायचा, म्हणजे रॅम कमी बाहेर येतो, कमी पंप आणि कमी डुगडुग.

लावायचा कुठे, तर मागे एक्सलला, पाट्याच्या (स्प्रिंगच्या) यू-बोल्टच्या जवळ. चेसीसला लावलात तर आधी पाटे सुटे होईपर्यंत चेसीस वर येत राहते आणि चाक जमिनीवरच, तेवढ्यात जॅकची उंची संपते. एक्सलच्या मधोमध असलेल्या हौसिंगच्या गोळ्याला लावू नका, एकतर ते बिडाचं असतं आणि गाडी दोन्ही बाजूला डुलते.

घाटात पंक्चर झालं तर, आणि हे फोंडा, करूळ, आंबा घाटाने जाणार्‍या प्रत्येकाने ऐका. बरेच ड्रायव्हर गाडी पहिल्या गिअरमधे टाकतात आणि निश्चिंत होतात. पिकअपची ताकद मागच्या चाकांना जाते, मधे डिफरन्शियल (दोन चाकांत ताकद वाटून देणारी गिअरची पेटी) आहे. मागचं एक चाक जमिनीवरून सुटलं की ते हवेत मोकळं फिरतं आणि जमिनीवरचं चाक गिअरने धरलेलं राहतच नाही. म्हणजे ज्या क्षणी तुम्ही गाडी उचलली त्याच क्षणी गिअरचा आधार गेला. उरला फक्त हँडब्रेक, तोही एकाच चाकावर. काही जुन्या जीपना हँडब्रेक शाफ्टवर असायचा, त्यांना तर तोही उरत नाही. म्हणून आधी उताराच्या बाजूला दोन चाकांना दगड, नुसता ठेवलेला नाही, पायाने ठोकून बसवलेला. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा आटा ढिले करून घ्या, वर उचलल्यावर टॉमीवर (नट खोलायच्या दांड्यावर) लटकायचं नाही, त्या झटक्यानेच जॅक सटकतो. आणि स्टेपनी काढलीच आहे तर ती आडवी करून चेसीसखाली सारा, चाक बदलताना पंक्चर चाक तिथे टाका आणि स्टेपनी घ्या. जॅक गेला तरी गाडी टायरवर पडेल, माणसावर नाही. जमत असेल तर पंक्चर टायरवर थोडं सरकून सपाट जागा गाठा, टायर गेला तर गेला, जीव राहूदे.

ट्रॉली जॅक, म्हणजे चाकं असलेला लांब दांड्याचा, आमच्या गॅरेजमधला लाडका. पटकन जातो, पटकन उचलतो. पण त्याचा हात कमानीत वर जातो, म्हणजे डोकं वर जाताना मागेपुढेही सरकतं, आणि ती सरक भरून काढायला जॅकला चाकांवर घरंगळायला लागतं. कोबा किंवा शहाबादी फरशीवर ते होतं. तांबड्या मातीत चाकं रुततात, जॅक सरकत नाही, मग गाडीला टेकलेली जॅकच्या डोक्यावरची कप तिरकी होते आणि सटकते. रस्त्याच्या कडेला, खळ्यात, बंदरावर ट्रॉली जॅक वापरू नका. शिवाय चांगला ट्रॉली जॅक पंचवीस-तीस किलोचा, तो पिकअपमधे घेऊन कोण फिरणार.

आता जमीन. कोकणात सगळ्यात जास्त जॅक इथे घसरतात. आपल्याकडे कुठेही चिर्‍याचा तुकडा मिळतो आणि हात आपोआप तिकडे जातो. चिरा म्हणजे जांभा दगड, पकडायला खडबडीत, वाटतो भक्कम, पण आतून भोकाभोकांचा, आणि पावसात भिजलेला असला की ताकद अजून कमी. भिंतीत तो चालतो कारण वजन पूर्ण चिर्‍यावर पसरलेलं असतं. जॅकचा तळ हाताच्या पंजाएवढा, सगळा भार मधोमध. नीट बघितलंत तर आधी जॅकच्या कडेने तांबडी भुकटी पडायला लागते, मग बारीक कर्र असा आवाज, आणि त्यानंतर चिरा एकदम दोन तुकडे होतो, हळूहळू नाही. भुकटी दिसली की पंप थांबवा आणि गाडी खाली घ्या. जॅकच्या वर आणि गाडीच्या मधे तर चिरा, वीट, सिमेंटचा ब्लॉक काहीच नको, तिथे फक्त लाकूड.

लाकूड कुठलं, तर ऐन किंवा किंजळ, निदान दोन इंच जाड, साधारण 30 बाय 40 सेंमी. जॅकचा तळ 10 बाय 10 चा धरला तर टनभर वजनाला जमिनीवर चौरस सेंमीला 10 किलो दाब येतो. ही फळी घातली की तोच दाब एक किलोच्याही खाली. ओल्या मातीत आणि वाळूत हाच फरक, गाडी वर येते की जॅक खाली जातो तो. आंब्याच्या पेटीची फळी नको, ती वाकते आणि मग सगळं वजन पुन्हा मधेच. माडाचा तुकडा पण नको, बाहेरून दगड आणि आतून मऊ. किनार्‍यावर पर्यटकांची गाडी रुतते तेव्हा हीच फळी, पण आधी फावड्याने जागा सपाट करा आणि ओल्या वाळूपर्यंत खाली जा, कोरडी वाळू जॅकखालून पळते. गाडी उचलून चाकाखाली फळ्या घालायच्या आणि जॅक काढायचा, जॅकवर असताना गाडी ढकलायची नाही.

होडीकडे येतो. 1 जूनला बंदी लागली की सगळ्या होड्या वर, आणि मग खालून घासणं, रंग, फायबरचं काम. फायबरचं अंग पातळ असतं, जॅकचं डोकं थेट अंगाला लावलंत तर चीर पडणार, बाहेर दिसणार नाही, पाण्यात गेल्यावर कळेल. जॅक फक्त कीलखाली (होडीच्या तळाच्या मधल्या कण्याखाली), आणि मधे रुंद फळी. इथे मी स्क्रू जॅक सांगतो कारण होडी तासाभरासाठी नाही, दिवसेंदिवस त्या उंचीवर राहते आणि काम करणारा माणूस खाली झोपून घासतो. एकाच वेळी फार नाही, पुढून दोन इंच, गुटके सारा, मागून दोन इंच, गुटके सारा, आणि दर वेळी बाजूचे टेकू पुन्हा घट्ट करा, होडी वर गेली की टेकू ढिले पडतात आणि ते कोणाच्या लक्षात येत नाही. शेवटी होडी आडव्या-उभ्या रचलेल्या गुटक्यांवर, जॅक मोकळे. मोठ्या ट्रॉलरला वीस टनी बॉटल जॅक लावतात, त्याला पर्याय नाही कारण तेवढं स्क्रूने उचलायला माणसं दमतात, पण तिथेही पद्धत हीच, इंचाइंचाला गुटका.

धरून ठेवायचं काम मेकॅनिकलचं, हे अजून एका ठिकाणी दिसतं. चिपळूणला 22 जुलै 2021 च्या पुरानंतर अख्खं घर वर उचलून घ्यायचं का हे बर्‍याच जणांनी विचारलं, अजून विचारतात. त्या कामात पायाच्या वर भिंत थोडी थोडी तोडून लोखंडी चॅनल आणि खाली ओळीने शेकडो स्क्रू जॅक लावतात, आणि इशार्‍यावर सगळे एकाच वेळी सारखेच आटे फिरवतात. हे काम करणारे बरेच ठेकेदार हरियाणाकडचे. हायड्रॉलिक का नाही, कारण एक जॅक रात्रीत पाव इंच बसला तरी वरच्या भिंतीला तडा. पण जुनं मातीत बांधलेलं चिर्‍याचं घर आणि खाली प्लिंथ बीम (पायावरची आरसीसी पट्टी) नाही, तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला आणा, ठेकेदाराच्या शब्दावर नको. पुलाचे बेअरिंग (खांब आणि वरच्या पुलामधल्या गाद्या) बदलतात तिथे वजनच इतकं असतं की हायड्रॉलिक लागतो, बुटके जॅक एकाच पंपाला जोडून, पण त्यांच्या रॅमवर लॉक-नट असतो, उचललं की नट खाली आवळायचा आणि मग भार तेलावर नाही, लोखंडावर. रेल्वेवाले रूळ उचलून खाली खडी भरतात त्यांचा जॅक वेगळाच, गाडी आली तर तिला लागू नये एवढा बुटका आणि झटक्यात सोडता येईल असा. दात्यांचा उंच फार्म जॅक जंगलात, शेतात ओंडके उचलायला छान, पण त्याचा दांडा भार असताना हातातून सुटला तर हनुवटी फोडतो, तोंड कधी त्या रेषेत ठेवू नका.

आता तुमचा बॉटल जॅक दोन वर्षांत का गेला. मासळीचं भाडं करता ना. क्रेटमधलं बर्फाचं खारं पाणी हौद्यातून खाली झिरपतं आणि टूलबॉक्स नेमका तिथेच. खारं वारं वेगळंच. रॅमची चकाकी म्हणजेच त्याचं आयुष्य, तिच्यावर गंजाचे बारीक खड्डे पडले की प्रत्येक वेळी वरखाली होताना ते खड्डे सील कापतात. म्हणून वापरला की रॅम आणि वरचा स्क्रू पूर्ण आत घाला, उघडा ठेवून टाकायचा नाही. खारं लागलं असेल तर गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसा, सुकवा, वरच्या स्क्रूला आणि पंपाच्या सांध्यांना ग्रीस, रॅमला तेलाचं बोट. जाड प्लास्टिकच्या डब्यात, उभा ठेवून, सीटमागे ठेवा. आडवा ठेवला तर तेल झिरपतं आणि आत हवा जाते. पावसाळ्यात महिन्यातून एकदा पूर्ण वर-खाली करा.

तेल फक्त हायड्रॉलिक, 22 किंवा 32 ग्रेडचं. ब्रेक ऑइल कधीही नाही, त्याने आतले रबर फुगून खराब होतात, आणि हे मी गावोगाव बघतो. इंजिन ऑइलही नको. तेल रॅम पूर्ण खाली असताना भरायचं, भोकाच्या काठापर्यंत, वर असताना भरलंत तर खाली येताना जादाचं तेल सील फोडून बाहेर येईल. भरल्यावर खालचा (जॅक खाली सोडायचा) व्हॉल्व्ह उघडा ठेवून दहा-पंधरा वेळा पंप मारा, हवा निघून जाईल. पंप स्पंजासारखा लागत असेल तर हवाच आहे, सील नाही. बॉटल जॅक आडवा लावून काही ढकलायचं असेल तर पंपाची बाजू खाली राहील असं बघा, नाहीतर तो तेलाऐवजी हवा ओढेल.

जुना टाकायचा की दुरुस्त करायचा हे असं ठरवा. वजन घेऊन तासभर ठेवा. बसला आणि रॅमच्या कडेने तेल आलं तर वरचा सील. बसला पण बाहेर थेंबही नाही, तर आतल्या छर्‍याची बैठक किंवा सोडायचा व्हॉल्व्ह, तेल काढून डिझेलने धुवा, पेट्रोलने नको, छरा स्वच्छ करून बैठकीवर ठेवा आणि पितळी पंचने एक हलका ठोका द्या, बर्‍याचदा तेवढ्यावर काम होतं. सील किट घ्यायच्या आधी रॅम पूर्ण बाहेर काढून पुसा आणि नख उभं धरून वरून खाली फिरवा. नख कुठेच अडकलं नाही तर किट बिनधास्त टाका, जॅक अजून पुष्कळ चालेल. नख अडकत असेल तर किटवर पैसे घालू नका, नवीन सील पण काही महिन्यांत तसाच कापला जाणार, तो जॅक भंगारात द्या, पण देताना व्हॉल्व्ह काढून घ्या, नाहीतर कोणीतरी रंग मारून परत विकेल.